गृहकला-मार्गदर्शक ग्रंथ, मराठी

स्वयंपाक, शिवण, भरतकाम, विणकाम इ. घरगुती कलांची साधने, प्रमाणे व कृती क्रमवार सांगून वाचकास ते काम स्वतः करता यावे, या हेतूने लिहिलेली पुस्तके. या कला पूर्वापार थोरांच्या हाताखाली राहून, पाहून शिकल्या जात. ही साखळी जेथे तुटते, तेथे ग्रंथाची गरज भासू लागते.

सोमेश्वर तिसरा या चालुक्य राजाच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण, सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचे भोजनकुतूहल आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील सरभेंद्र पाकशास्त्र हे मराठी हस्तलिखित ही या प्रकारची पूर्वपीठिका होय. ती मात्र दरबार व पंडितवर्ग यांपुरतीच मर्यादित होती. मुद्रित मराठी पाकग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) हे आद्य मानले जाते. स्त्रियांच्या हातच्या विद्येचा हा पहिला छापील ग्रंथ पुरुषाच्या नावावर असावा, हे त्या काळच्या स्त्रीशिक्षणाच्या स्थितीस धरूनच आहे. पुढे १९१०च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर यांनी गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया हा ग्रंथ सिद्ध केला. १९३० मध्ये सुरू झालेल्या स्त्री मासिकासारख्या नियतकालिकांतून पाककृती, विणकामाचे नमुने व शिवणाचे धडे मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले.

जुन्या पुस्तकांतील शेर, तोळा, मासा ही मापे दशमान पद्धती रूढ झाल्यावर (१९५८–६२) नव्या गृहिणीस अपरिचित झाली. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या ग्रंथाने वाटी व चमचा हीच मापे धरली. घरात तराजू नसला, तरी वाटी असतेच. या ग्रंथाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, याचे एक कारण या साध्या सोयीत शोधावे लागेल. नोकरी-बदलीमुळे सासर-माहेरापासून दूर शहरात संसार थाटणाऱ्या तरुण स्त्रीस या पुस्तकाने वडीलधाऱ्या बाईची उणीव भरून दिली. मंगला बर्वे यांचे अन्नपूर्णा हेही याच वाचकवर्गात लोकप्रिय झाले.

जालना जिल्ह्याचा इतिहास याहून वेगळा आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे शिक्षण व राज्यकारभार यांत उर्दूचे वर्चस्व असल्याने मराठी ग्रंथव्यवहारास वाव थोडा मिळाला. औरंगाबाद जिल्ह्यातून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतही येथील स्त्री-साक्षरता सुमारे ६१ टक्केच होती. साहजिकच पुस्तक वाचून स्वयंपाक शिकणाऱ्या स्त्रिया येथे दीर्घकाळ थोड्याच राहिल्या. शिवाय पुणे-मुंबईच्या ग्रंथांतील ओले खोबरे, कोकम, तांदूळ यांवर आधारलेले पदार्थ येथील ज्वारी-बाजरीच्या चुलीला फारसे उपयोगी नव्हते. ज्वारीची भाकरी, धपाटे, येसराची आमटी हे येथील नित्याचे पदार्थ. धान्य, डाळ व मसाले भाजून-दळून केलेले येसर डब्यात टिकते आणि ऐन वेळी पाण्यात कालवून आमटी होते. भाजणीचा रंग व वास हेच तिचे माप असल्याने ती शब्दांत पकडणे अवघड जाते. जुन्या लुगड्यांच्या गोधडीचेही तसेच आहे : तिचा टाका मांडीवर शिकला जातो, आणि कापडाच्या तुकड्यांगणिक रचना बदलते.

ग्रंथांनी जे टिपले नाही, त्यात प्रदेशाइतकीच जातही आहे. महाराष्ट्रीय स्वयंपाक म्हणून जो छापला गेला, तो बहुधा उच्चवर्णीय घरांचा होता. शाहू पाटोळे यांच्या अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील महार व मांग समाजांचे अन्न, त्यातील चान्या (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या), वजरी, रक्ती आदी पदार्थांसह, कृती व सामाजिक इतिहास या दोन्ही अंगांनी नोंदविले. तेलतुपाची रेलचेल गृहीत धरणाऱ्या पाककृतींशेजारी हे पुस्तक ठेवले, म्हणजे टंचाईतून सिद्ध झालेली पाकविद्या किती काळ अलिखित राहिली, हे ध्यानात येते. त्याच्या नावातच एका रूढ वचनाला दिलेला छेद आहे.

जालन्याजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत ग्रामीण स्त्रियांना प्रशिक्षण देताना कृती प्रथम करून दाखविली जाते. छापील पत्रके त्यानंतर येतात.