गोष्ट सांगतो कोण?

महारवाड्याची गोष्ट मराठीत नव्हती असं नाही. होती, पण सांगणारा गावातला आणि जगणारा गावकुसाबाहेरचा. १९७३ साली आपल्या यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश यांच्या कथेत देवा सटवा महार आहे. लिहिलंय जिव्हाळ्यानं. तरी बघणारा डोळा बाहेरचाच. देवा आपल्याला दिसतो. देवाला गाव कसं दिसतं, हे सांगायला कुणीतरी आतलं लागतं.

तशी आतली माणसं उभी राहिली. १८५५ साली मुक्ता साळवे या जोतिबांच्या शाळेतल्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, तो 'आम्ही' म्हणून. पुढं कथा-कादंबरी आली आणि प्रत्येकानं आपला सांगणारा नीट पारखून घेतला.

अण्णाभाऊंनी 'फकिरा'त (१९५९) 'तो' घेतला. हा शाहिराचा 'तो'. सरकारनं ज्याला गुन्हेगार ठरवून हजेरीला उभं केलं, त्याला नायक करायचं तर पोवाड्यातल्या वीरासारखा चारचौघांसमोर उभा करावा लागतो.

बाबूराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत 'मी' घेतला. रेल्वेत नोकरीला आलेला, खोलीसाठी जात लपवणारा 'मी'. भोवतालच्यांना ठाऊक नाही, वाचकाला ठाऊक. म्हणून आता कळतं की मग कळतं, असा पोटात गोळा येतो. सवर्ण वाचकालाही तेवढा वेळ आपल्या कातड्यात राहावं लागतं. 'तो' लिहिला असता तर वाचक लांबून हळहळला असता, बस्स.

'बलुतं'त (१९७८) दया पवारांनी 'मी'चेच दोन भाग केले. दगडू मारुती पवार सांगतो, शिकलेला दया पवार ऐकतो. शिकून शहरात गेलेल्याचं दुभंगलेपण त्या मांडणीतच आलं. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) अख्खा महारवाडा बोलतो. पण घरातल्या पुरुषानं बाईवर केलेला जुलूम त्या 'आम्ही'खाली झाकत नाहीत. आपण पोरं 'आम्ही' लिहितो तेव्हा त्यात माय-बहीण असते का, हे तपासा.

२०१९ साली यवतमाळला पुन्हा संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागं घेतलं गेलं. मग उद्घाटन केलं याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. पेपरात जिची 'ती विधवा' एवढीच ओळख छापली जायची, ती माईकवर 'मी' म्हणून बोलली. पण एका बाईचा आवाज ऐकू यायला दुसरीचा बंद करावा लागतो, हे आपण का मान्य करायचं?

तेव्हा लिहिण्याआधी ठरवा, ही गोष्ट कोणाच्या तोंडची. मायची असेल तर 'घरात अन्न नव्हते' असं लिहू नका. तिला बोलू द्या : "दोन दिस झाले, चुलीत इस्तो नाई. तुले काहून दिसत नाई बाप्पा?"