मुक्तीपूर्व गोव्यातली मर्सिडीज १८०-डी : एका टॅक्सीच्या दुरुस्तीचा इतिहास

गोव्यातल्या जुन्या गाड्यांचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वळणाने जातात. पोर्तुगीज राजवट, बोटीने आलेली मर्सिडीज, चकाकणारं क्रोम, आणि शेवटी "गेले ते दिवस" म्हणून सुस्कारा. गाडी आली कशी हे सगळे सांगतात. ती पुढे तीस-चाळीस वर्षं चालली कशी आणि कोणी चालवत ठेवली, हे फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते या गाड्यांच्या इतिहासात गोव्याचा खरा वाटा या दुसऱ्या भागात आहे. सध्या नेमका तोच भाग पुसला जाण्याच्या बेतात आहे, म्हणून हे टिपण.

गाड्या आल्या कशा

१९५० च्या दशकात गोव्याचं लोहखनिज मोठ्या प्रमाणावर जपानला जाऊ लागलं आणि व्यापाऱ्यांच्या हाती परकीय चलन खेळू लागलं. १९५४-५५ मध्ये भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वेचा मार्गही बंद झाला. त्यामुळे गोवा समुद्राकडे तोंड करून जगू लागला. बटाटे हॉलंडहून आले, तशा मोटारीही युरोपातून थेट आल्या : ओपेल, फोक्सवॅगन, आणि टॅक्सीच्या धंद्यासाठी डिझेलवरची मर्सिडीज. खुद्द लिस्बनमध्येही त्या काळी टॅक्सीसाठी हीच गाडी लोकप्रिय होती.

सीमेपलीकडे चित्र बरोबर उलटं होतं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, भारतात नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. बेळगाव-कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकासमोर मुख्यतः हिंदुस्तान, फियाट आणि स्टँडर्ड एवढीच नावं उरली, त्यांच्यासाठीही नंबर लावावा लागे. पणजीचा टॅक्सीवाला मात्र मर्सिडीज हाकत होता.

एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात डावीकडूनच चालवण्याची पद्धत राहिली. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ नंतर रस्त्यावरच्या नियमात काही उलथापालथ करावी लागली नाही.

गाडी काय होती

१८०-डी हे मॉडेल १९५४ चं. पाठ-पोट गोलसर असलेला, जर्मनीत 'पाँटन' म्हणून ओळखला जाणारा सांगाडा. इंजिन ओएम ६३६ : चार सिलिंडर, १७६७ सीसी, ताकद सुरुवातीला ४० अश्वशक्ती, नंतर ४३. आजच्या हिशेबाने ही ताकद नगण्य. पण डिझेल कमी पिणारं, धीम्या फेऱ्यांचं हे इंजिन टॅक्सीसाठीच जन्माला आलं होतं म्हणा ना. १९५८ पासून आलेली १९०-डी थोडी वरची : १८९७ सीसी, ५० अश्वशक्ती, आणि कॅमशाफ्ट हेडवर. दोन्हींना गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. पुढे मात्र इंजिन आणि सस्पेन्शन एका सुट्या चौकटीवर बसवलेलं असतं आणि ती चौकट रबरी माउंटांवर बॉडीला जोडलेली असते. ही रचना मिस्त्रीला वरदान, कारण संपूर्ण पुढचा भाग खाली उतरवता येतो. बॉडीच्या बाबतीत मात्र ती शाप ठरली. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात खारी हवा. झुआरीवरचा पूल १९८३ मध्ये झाला, तोवर टॅक्सी फेरीबोटीतून पाणी उडवत पलीकडे जात. दारांखालची पोकळ पट्टी आतून कुजली की गाडीचा कणाच गेला. इंजिन शाबूत आणि पत्रा संपला, अशा कितीतरी गाड्या परसात विसावल्या.

मुक्तीनंतरची अडचण

मुक्तीनंतर भारताचे आयातीचे नियम लागू झाले. परवान्याशिवाय सुटा भाग येणार नाही, आणि मर्सिडीजची मोटार तर भारतात बनत नव्हती. ती पुण्यात बनू लागली १९९५ मध्ये. मधली तीन दशकं निघाली कशी?

एक उत्तर ट्रकमध्ये आहे. टेल्कोने १९५४ पासून जमशेदपूरला डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले, ते सहकार्य १९६९ पर्यंत होतं. ट्रकचं इंजिन वेगळं आणि मोठं, पण डिझेल पंप आणि नोझल यांची विद्या तीच, बॉशची. बंगळुरूची मायको कंपनी १९५१ मध्ये बॉशच्याच सहकार्याने उभी राहिली होती. खाणीवरच्या ट्रकांमुळे फोंडा-मडगावच्या पट्ट्यात डिझेल पंप बसवणारे कारागीर तयार झाले, आणि टॅक्सीवाल्याचं काम त्यांच्याकडे होऊ लागलं. खनिजाच्या पैशाने गाडी आणली, आणि खनिजाच्या ट्रकांनीच तिचा मिस्त्रीही घडवला, असं म्हणायला हरकत नाही.

आमच्या घरी १९५८ सालची १८०-डी आहे. ती माझ्या मामांची. फोंडा-पणजी मार्गावर त्यांनी ती वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून चालवली. त्यांच्या खर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत, आणि या विषयाचा माझा अभ्यास त्या वह्यांतूनच सुरू झाला. मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे नोंदी वाचताना त्यामागचं काम डोळ्यांसमोर येतं.

पहिली वारंवार दिसणारी नोंद 'हीटर प्लग'. या इंजिनात चारही हीटर प्लग एकामागोमाग एकाच वायरीत जोडलेले असतात. एक उडाला की चारही थंड. मग उडालेला शोधून त्याला वळसा घालायचा आणि तिघांवर गाडी काढायची.

दुसरी नोंद 'चामडं'. डिझेल पंपाच्या गव्हर्नरमध्ये चामड्याचा पातळ पडदा असतो. इंजिनच्या हवेच्या ओढीने तो हलतो आणि डिझेल कमी-जास्त होतं. हा पडदा तेलाने मऊ ठेवावा लागतो. सुकून फाटला की इंजिन ताळ्यावर राहत नाही, रिकाम्या गतीला हेलकावे खातं. मामा दर पावसाळ्याआधी त्याला तेल देत. माझ्याकडे गाडी आल्यापासून मीही देतो.

तिसरी नोंद अर्थात 'ग्रीस'. पुढच्या सस्पेन्शनला ग्रीसचे निपल आहेत, आणि पावसाळ्यात ते चुकवून चालत नाही. बुश झिजले तर बाहेरून मागवण्यापेक्षा लेथवर करून घेणं सोपं. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉपची अख्खी वस्ती आहे. मी माझे बुश तिथेच करून आणले. टायर मात्र कायम डोकेदुखी. मूळ माप ६.४०-१३, म्हणजे अँबॅसडरचा चालत नाही आणि फियाटचाही नाही.

मॅटाडोरचं इंजिन

मुख्य वळण आलं १९८० च्या दशकात. पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज टेम्पो कंपनी, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, डेमलर-बेंझच्या परवान्याने ओएम ६१६ हे इंजिन बनवू लागली आणि ते मॅटाडोर नि ट्रॅक्समध्ये बसू लागलं. हे साधारण २४०० सीसीचं इंजिन म्हणजे १९०-डीच्या इंजिनाच्याच घराण्यातलं पुढचं अपत्य. जर्मनीत २४०-डी मोटारीत ते ६५ अश्वशक्ती देत होतं.

जुन्या मर्सिडीजवाल्यांना ही पर्वणीच वाटली. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सगळं बाजारात मिळणारं, तेही टेम्पोच्या भावात. १९०-डीला ते त्यातल्या त्यात सोपं गेलं, १८०-डीला ब्रॅकेट वगैरे नव्याने करावे लागले. आमच्या गाडीतही आज मॅटाडोरचंच इंजिन आहे. बॉनेट उघडल्यावर जाणकार पाहुणे नाक मुरडतात. मला मात्र त्यात स्टुटगार्ट, आकुर्डी आणि फोंडा एकाच ठिकाणी दिसतात.

मूळ म्हणजे काय?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची दुचाकी-चारचाकी, 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नोंदणी दहा वर्षांची, शुल्क २०,००० रुपये, रोजच्या वापराला मनाई. हे ठीक. पण मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बॉडी, चासी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

अटीमागचं कारण समजतं. कुठल्यातरी सांगाड्यावर काहीतरी चढवून 'व्हिंटेज' म्हणून खपवणारे असतात, त्यांना आळा हवाच. पण या कसोटीवर गोव्यात सगळ्यात जास्त राबलेली गाडी नापास होते, आणि पोर्चमध्ये झाकून ठेवलेली पास. मालकापुढे दोनच वाटा राहतात. लाखो रुपये घालून परदेशातून जुनं इंजिन आणायचं आणि चाळीस वर्षांची कारागिरी भंगारात टाकायची. किंवा दर पाच वर्षांनी साध्या गाडीसारखं पासिंग करून घेत राहायचं, जमेल तोवर. कंटाळून पहिला मालक भंगारवाल्याला फोन करतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

देवळाचा जीर्णोद्धार झाला तर आपण त्या जीर्णोद्धाराची तारीखही इतिहासात धरतो. मग इंजिन-बदलाची तारीख का नको? नियम बदलायला वेळ लागेल. तोवर नोंद ठेवणं आपल्या हातात आहे.

मंडळाच्या वाचकांना म्हणून विनंती. घरात, शेजारी अशी गाडी असेल, उभी असली तरी चालेल, तर तीन गोष्टी करा. आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, विशेषतः इंजिन नंबर बदलल्याच्या नोंदीचे. गॅरेजची बिलं, वह्या रद्दीत देऊ नका. आणि ज्या मिस्त्रीने ती गाडी उघडली त्याच्यासमोर बसून, त्याच्याच शब्दांत, कुठला भाग कुठून आणला ते लिहून घ्या. हे मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी हे काम झालं तर बरं.