पट्टी, स्ट्रॉ आणि कर्जाचा हप्ता: कृतीतून गणित शिकणं का गरजेचं आहे?

पट्टीवर एक पेन्सिल ठेवली आहे. तिचं एक टोक २ सेंटिमीटरवर आहे आणि दुसरं ७ सेंटिमीटरवर. तिची लांबी किती?

उत्तर आहे ५ सेंटिमीटर. सोपं वाटतंय ना? 'असर २०२३' या अहवालासाठी २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांमध्ये १४ ते १८ वयोगटातल्या मुलामुलींना असेच प्रश्न विचारले होते. वस्तू शून्यापासून ठेवली होती, तेव्हा सुमारे ८५ टक्के जणांना लांबी सांगता आली. ती पुढे सरकवली, तेव्हा हे प्रमाण ३९ टक्क्यांवर घसरलं.

म्हणजे पट्टीवरचा आकडा वाचता येतो, पण लांबी म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, हे अनेकांच्या लक्षात आलेलं नसतं. हीच दरी भरून काढण्यासाठी प्रत्यक्ष कृती उपयोगी पडते.

शाळेच्या इमारतीची उंची कशी मोजायची?

दहावीच्या त्रिकोणमितीत 'उन्नत कोन' शिकवतात. तो मोजायचं साधन वर्गातच बनवता येतं. कोनमापकाच्या सरळ कडेला एक स्ट्रॉ चिकटवायची आणि मध्यबिंदूपासून दोरा बांधून त्याला छोटं वजन लावायचं. स्ट्रॉमधून इमारतीचं टोक पाहिलं की दोरा एका अंशावर स्थिरावतो. तो आकडा ९० मधून वजा केला की उन्नत कोन मिळतो.

समजा, विद्यार्थी इमारतीपासून १० मीटरवर उभा आहे आणि कोन ४५ अंश आला. टॅन ४५ म्हणजे १, म्हणून १० मीटर. त्यात जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे दीड मीटर मिळवले की उंची साडेअकरा मीटर.

दुसऱ्या गटाने कोन ४० अंश मोजला, तर उंची जेमतेम ९.९ मीटर येते. मग वर्गात प्रश्न येतो: कोणाचं बरोबर? हात हलला का? अंतर नीट मोजलं का? पुस्तकातल्या उदाहरणात कोन आयताच दिलेला असतो, त्यामुळे हे प्रश्न पडतच नाहीत.

पैशांचं काय?

समजा, १०,००० रुपयांचं कर्ज १० टक्के 'फ्लॅट' व्याजाने एका वर्षासाठी घेतलं. व्याज १,००० रुपये आणि महिन्याचा हप्ता सुमारे ९१७ रुपये. ऐकायला स्वस्त वाटतं.

पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण १०,००० वर लागलेलं असतं. त्यामुळे प्रत्यक्षातला वार्षिक दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. विद्यार्थ्यांनी बारा महिन्यांचा तक्ता स्वतः मांडला तर ही गोम लगेच कळते. मोबाइल हप्त्यांवर घेताना हेच गणित कामी येतं.

महाराष्ट्रात असा प्रयोग झालाय का?

हो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करत शिकणं हा तिथल्या शिक्षणाचा पाया आहे. वर्कशॉप, शेती, ऊर्जा अशा विषयांवरचा तिथला अभ्यासक्रम शाळांमधल्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचला. वस्तू बनवायची तर माप घ्यावं लागतं, आराखडा काढावा लागतो आणि खर्चाचा हिशेबही मांडावा लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे.

मग सराव सोडून द्यायचा का?

नाही. मैदानावर मोजमाप केलं आणि तिथेच थांबलं, तर ती सहल होते. वर्गात परत येऊन त्याच कोनाचं सूत्र मांडणं, उत्तरं का वेगळी आली ते तपासणं आणि नंतर तशीच उदाहरणं सोडवणं, हे तिन्ही टप्पे लागतात. मोठा वर्ग, कमी तासिका आणि परीक्षेचा अभ्यासक्रम या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण सुरुवातीला एक तासिका पुरते. त्यासाठी लागते फक्त एक पट्टी आणि शून्यापासून थोडी पुढे ठेवलेली पेन्सिल.