टेबलांवर उभे राहिलेले वेब

वेबपानाच्या मांडणीसाठी टेबल वापरणे ही चूक होती, असे वेबचा इतिहास सांगणारे बहुतेक जण एका वाक्यात सांगून मोकळे होतात. आकड्यांचे तक्ते दाखवण्यासाठी केलेला टॅग १९९५ नंतर सात-आठ वर्षे अख्खी पाने उभी करायला राबवला गेला आणि पुढच्या पिढीला तो अडाणीपणाचा नमुना म्हणून शिकवण्यात आला. हा निवाडा अन्यायाचा आहे. पानाला उभ्या-आडव्या रेघांची, म्हणजे कॉलम आणि ओळींची, आखणी लागते हे त्या काळातल्या कामकऱ्यांनी बरोबर ओळखले होते. त्यासाठी योग्य साधन देण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ते द्यायला वीस वर्षे लावली.

वेबपाने लिहिण्याची भाषा एचटीएमएल जन्मली ती सर्नमधल्या शास्त्रज्ञांचे कागद एकमेकांना जोडण्यासाठी. टिम बर्नर्स-ली यांच्या मूळ भाषेत मथळे, परिच्छेद, याद्या आणि दुवे होते. पण मजकूर पानावर कुठे बसवायचा हे सांगायला काहीच नव्हते. डेव्ह रॅगेट यांनी १९९३ च्या ‘एचटीएमएल प्लस’ मसुद्यात टेबल आणले आणि १९९५ मध्ये नेटस्केप १.१ या ब्राउझरने ते लोकांच्या पडद्यावर पोचवले. टेबलाची बॉर्डर शून्य केली की रेषा नाहीशा होतात आणि आखणी तेवढी उरते, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही रीत सर्वदूर नेली, आणि तिच्याबरोबर एका पिक्सेलची पारदर्शक जिफ प्रतिमाही. ही जिफ डोळ्यांना दिसत नसे, पण तिला दीडशे पिक्सेल रुंदी दिली की कॉलम तेवढ्यावर अडून राही. नेटस्केप रिकाम्या चौकटीचा पार्श्वरंग रंगवत नसे, म्हणून तिच्यात न तुटणारी मोकळी जागा टाकावी लागे. चित्राचा टॅग आणि चौकट बंद करणारा टॅग यांच्यामध्ये कोडात नुसती नवी ओळ आली तरी पडद्यावर फट पडे. म्हणून दोन्ही टॅग एकमेकांना चिकटवून लिहायचे. हे करणारा माणूस अडाणी नव्हता. ब्राउझरचा प्रत्येक विक्षिप्तपणा त्याला पाठ होता.

यावर पहिला आक्षेप असा, की पानाचे रूप ठरवणारी सीएसएस तर डिसेंबर १९९६ मध्येच शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली होती. मग ती का वापरली नाही? उत्तर ब्राउझरांमध्ये आहे. नेटस्केप ४ मध्ये जावास्क्रिप्ट बंद केली की सीएसएसही बंद पडे. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ रुंदी मोजताना पॅडिंग आणि बॉर्डर तिच्यातच धरी, म्हणजे तेच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचे दिसे. पहिल्या सीएसएसला जवळपास पूर्ण न्याय देणारा ब्राउझर २००० मध्ये आला, तोही फक्त मॅकवर. मुळात त्या पहिल्या सीएसएसमध्ये पानाची आखणी करण्याचे साधनच नव्हते. प्रमाण ठरवणाऱ्यांचेही एकमत नव्हते. जानेवारी १९९७ चे एचटीएमएल ३.२ टेबल मांडणीसाठी वापरता येते असे सांगून वाचिक ब्राउझरांना होणाऱ्या अडचणीचा इशारा देते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधले ४.० केवळ मांडणीसाठी टेबल वापरू नये असे बजावते. अकरा महिन्यांत परवानगीची मनाई झाली, पण पर्याय हातात आला नव्हता.

दुसरा आक्षेप खरोखर जड आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर टेबल कोडातल्या क्रमाने वाचतो. आधी डावीकडची सगळी मेनूपट्टी, मग कुठे तरी मधल्या चौकटीतला लेख, आणि टेबलात टेबल असेल तर ओळी-कॉलमांचे आकडे कानावर आदळत राहतात. मोडेमवाल्यांचेही हाल होत, कारण शेवटची ओळ येईपर्यंत कॉलमची रुंदी ठरत नसे आणि कित्येकदा तोवर पडदा कोराच राही. ही किंमत खरी होती आणि ती ज्यांनी मोजली त्यांना कुणी विचारले नव्हते. तरीही १९९९ च्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सरसकट बंदी घातली नाही. सलग वाचले तर अर्थ लागत असेल तर टेबल चालेल, असे म्हटले. हा मला योग्य मध्यबिंदू वाटतो.

पुढे २००२ मध्ये वायर्ड न्यूजने टेबल सोडले, २००३ मध्ये सीएसएस झेन गार्डनने रूप आणि मजकूर वेगळे ठेवता येतात हे सुंदर करून दाखवले. यातून मोठा फायदा झाला हे निर्विवाद. पण टेबलाच्या जागी आलेला फ्लोटही मांडणीसाठी घडवलेला नव्हता. चित्राच्या कडेने मजकूर वाहावा एवढेच त्याचे काम. त्यावर कॉलम उभे करायला पुन्हा क्लिअरफिक्ससारख्या क्लृप्त्या आल्याच. ज्याला गैरवापर म्हणून हिणवले, त्याची जागा दुसऱ्या गैरवापराने घेतली. सगळ्यात बोलका पुरावा तर जुना आहे: पान चौकटींत विभागण्याचा मसुदा बर्ट बॉस, डेव्ह रॅगेट आणि हॉकॉन ली यांनी १९९६ मध्येच मांडला होता. टेबल देणारे रॅगेटच टेबलाचा पर्यायही देऊ पाहत होते. तो बाजूला पडला, आणि ओळी-कॉलमांची खरी सोय करणारे ग्रिड फायरफॉक्स, क्रोम व सफारीत आले ते मार्च २०१७ मध्ये.

ईमेलमध्ये मात्र टेबल अजून सुटलेले नाही, कारण विंडोजवरच्या आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून ईमेल दाखवायला वर्डचे इंजिन घेतले. तिथे टेबल लिहावेच लागत असेल तर त्याला ‘प्रेझेंटेशन’ हा रोल जरूर द्या; म्हणजे स्क्रीन रीडर ओळी-कॉलम न मोजता फक्त मजकूर वाचेल.