घरगुती उड्डाण सदृशीकरण

घरगुती उड्डाण सदृशीकरण म्हणजे विमान चालविण्याचा अनुभव वैयक्तिक संगणकावर शक्य तितक्या यथार्थपणे निर्माण करणे होय. त्यासाठी फ्लाइट सिम्युलेटर या नावाने ओळखली जाणारी आज्ञावली, तिचा भार पेलणारा संगणक आणि जॉयस्टिक, योक, थ्रॉटल, रडर पेडल यांसारखी नियंत्रणसाधने लागतात. विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रांतील हलणारे, पूर्ण आकाराचे सिम्युलेटर हा वेगळा विषय आहे. प्रस्तुत लेखात घरी वापरल्या जाणाऱ्या साधनांची निवड आणि जुळणी यांचा विचार केला आहे. वैमानिक होऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि हौशी मंडळी असे दोन्ही प्रकारचे लोक याकडे वळतात. दोघांच्या गरजा सारख्या नसल्यामुळे एकाच यादीनुसार केलेली खरेदी बहुधा दोघांनाही सोयीची ठरत नाही.

पार्श्वभूमी

जमिनीवर बसून उड्डाण शिकविण्याच्या यंत्रांत अमेरिकेतील एडविन लिंक यांचे यंत्र सर्वाधिक प्रसिद्ध आहे. लिंक यांच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. त्या वाद्यातील भाते आणि हवेचे पंप वापरून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास डोलणारी, वळणारी विमानाची प्रतिकृती तयार केली. प्रारंभी ती जत्रेतील करमणूक म्हणूनच अधिक खपली. १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवामानात अनेक वैमानिक दगावल्यानंतर अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांचा वापर फार मोठ्या प्रमाणावर झाला.

वैयक्तिक संगणकावरील सदृशीकरणाचा आरंभ ब्रूस आर्टविक यांच्यापासून होतो. त्यांनी १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात संगणकाने काढलेल्या उड्डाणदृश्यावर प्रबंध लिहिला आणि पुढे अ‍ॅपल २ या संगणकासाठी सिम्युलेटर तयार केला. त्याच परंपरेतील मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ साली आली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत उड्डाणाचा आरंभ शिकागोच्या मेग्ज फील्ड या विमानतळावरून होत असे. मार्च २००३ मध्ये तेथील धावपट्टी एका रात्रीत खणून काढण्यात आली. संगणकावर मात्र ती अनेक वर्षे शाबूत राहिली.

आज्ञावलीची निवड

संगणक आधी घ्यावा की आज्ञावली आधी ठरवावी, असा प्रश्न नवख्यास पडतो. आज्ञावली आधी ठरविणे श्रेयस्कर, कारण संगणकाकडून असलेली प्रत्येकीची मागणी वेगळी असते.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ऑगस्ट २०२० मध्ये असोबो स्टुडिओ या फ्रेंच संस्थेने नव्याने तयार केला आणि त्याची पुढील आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. उपग्रह व विमानातून घेतलेली छायाचित्रे इंटरनेटवरून मागवून तो भूप्रदेश रंगवितो. म्हणून येथे आंतरजालाची जोडणी हीदेखील हार्डवेअरइतकीच महत्त्वाची ठरते. जोडणी मंद असल्यास शक्तिशाली संगणकावरही खालची जमीन धूसर दिसते.

एक्स-प्लेन हा ऑस्टिन मायर यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेला सिम्युलेटर. पंख, शेपूट आणि पंखा यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरील हवेचे बल सेकंदाला अनेक वेळा मोजण्याची त्याची पद्धत आहे. पूर्वीच्या बऱ्याच सिम्युलेटरांत विमानाचे वर्तन आधीच तयार केलेल्या कोष्टकांतून घेतले जाई. एक्स-प्लेन विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो.

फ्लाइटगिअर हा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला मुक्त प्रकल्प असून तो विनामूल्य उतरवून घेता येतो. त्याचे दृश्यरूप वरील दोघांइतके देखणे नाही. परंतु जुन्या संगणकावर, लिनक्सवर आणि एक रुपयाही न खर्चता उड्डाणाची मूलतत्त्वे शिकण्यास तो पुरेसा आहे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांसाठी याचाच विचार प्रथम व्हावयास हवा.

याखेरीज लॉकहीड मार्टिनचा प्रीपार्थ्रीडी आणि लढाऊ विमानांसाठी डीसीएस वर्ल्ड हे प्रचलित आहेत. २००६ सालचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स अजूनही अनेकांच्या संगणकांवर आढळतो. तो ३२ बिटांचा असल्याने ४ जीबीपेक्षा अधिक स्मृती वापरू शकत नाही. त्यामुळे रॅम कितीही वाढविली, तरी अतिरिक्त विमानतळ व विमाने बसविल्यावर लांबच्या उड्डाणाच्या शेवटी, नेमके उतरताना, तो बंद पडण्याची तक्रार सार्वत्रिक आहे.

संगणक

सामान्य संगणक-खेळांसाठी उत्तम ठरलेला संगणक सिम्युलेटरसाठीही उत्तम ठरेलच असे नाही. सिम्युलेटरमधील कामाचा मोठा भाग, म्हणजे विमानाची गतिकी, यंत्रणा, हवामान आणि इतर विमानांची वाहतूक, एका मुख्य धाग्यावर एकामागून एक चालतो. प्रोसेसरला गाभे किती आहेत यापेक्षा एक गाभा किती वेगाने काम करतो हे येथे निर्णायक ठरते. प्रोसेसरच्या आतील कॅश स्मृती मोठी असेल तर सिम्युलेटरला विशेष लाभ होतो. एएमडीच्या २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरात ही स्मृती ९६ एमबी होती, तर त्याच मालिकेतील साध्या ५८००एक्समध्ये ३२ एमबी. उड्डाणप्रेमींमध्ये पहिल्याला मागणी आली ती यामुळेच.

ग्राफिक्स कार्डाचा भार प्रामुख्याने पडद्याच्या आकारमानावर अवलंबून असतो. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, तर ३८४० × २१६० च्या पडद्यावर सुमारे ८३ लाख. मोठा पडदा घेताना कार्डावरील काम चौपट होते, हे विक्रेता सांगेलच असे नाही. कार्डावरील स्मृती अपुरी पडली की दृश्य अडखळू लागते. म्हणून कार्डाच्या नावातील आकड्याबरोबर त्यावरील स्मृती किती जीबी आहे हेही पाहावे.

अडथळा प्रोसेसरचा आहे की ग्राफिक्स कार्डाचा, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या विमानतळावर विमान उभे करून प्रति सेकंद चित्रांची संख्या नोंदवावी आणि मग पडद्याचे बिंदू कमी करून पुन्हा पाहावी. संख्या लक्षणीय वाढली तर कार्ड कमी पडत होते; जवळपास तितकीच राहिली तर प्रोसेसर. ही कसोटी न करता कार्ड बदलणाऱ्यांचे पैसे पुष्कळदा वाया जातात. प्रोसेसरवर भार येत असल्यास इतर विमानांची व मोटारींची वाहतूक आणि दूरवरच्या इमारतींचे तपशील कमी केल्याने बराच फरक पडतो.

उड्डाणात दृश्य सावकाश बदलते. त्यामुळे सेकंदाला ३० चित्रेही पुरतात. मात्र ती समान अंतराने यावयास हवीत. कधी ६० तर कधी २५ अशी चढउतार होण्यापेक्षा ३० वर बांधून ठेवलेला वेग डोळ्यांना सुखद वाटतो. डोक्यावर चढवायच्या व्हीआर चष्म्याला मात्र हा नियम लागू नाही. तेथे संथ चित्रांमुळे मळमळ होते.

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीसाठी किमान ८ जीबी व शिफारस केलेली १६ जीबी रॅम होती, २०२४ च्या आवृत्तीसाठी हेच आकडे १६ आणि ३२ जीबी झाले. किमान म्हणजे आज्ञावली सुरू होते एवढेच समजावे. साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी वापरावी.

वीजपुरवठा हा भारतीय परिस्थितीत दुर्लक्ष न करण्याजोगा भाग आहे. घरोघरी आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. पूर्ण भारावर चालणारा सिम्युलेटरचा संगणक व पडदा मिळून त्याहून अधिक वीज ओढू शकतात आणि मग वीज गेल्याक्षणी यूपीएससह सर्वच बंद होते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पेटीतील पंख्यांना साचलेली धूळ हेही यंत्र मंदावण्याचे नित्याचे कारण असते, कारण तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.

नियंत्रणसाधने

अंदाजपत्रक मर्यादित असेल तर चांगल्या ग्राफिक्स कार्डापेक्षा चांगल्या जॉयस्टिकवर खर्च करणे अधिक फलदायी असते. किबोर्डावर विमान उडविता येते, पण उडविणे शिकता येत नाही.

दांडा पिळून रडर फिरविता येणारी आणि तळाशी लहानसा थ्रॉटल असलेली जॉयस्टिक नवख्यास पुरते. स्वस्त जॉयस्टिकमध्ये दांड्याची स्थिती घासत फिरणाऱ्या पोटेन्शिओमीटरने मोजली जाते. तो काही काळाने झिजतो, त्यात धूळ जाते आणि हात स्थिर असतानाही विमान दचकू लागते. चुंबकीय हॉल संवेदकात असे घर्षण नसते, म्हणून तो अधिक काळ टिकतो. घेतेवेळी हा एक प्रश्न विचारणे पुरेसे आहे.

योक की जॉयस्टिक, हे कोणते विमान उडवायचे त्यावर ठरते. सेसना १७२ आणि बोइंग विमानांत योक असतो. एअरबसमध्ये बाजूला लहान दांडा असतो आणि डावीकडे बसणारा कप्तान तो डाव्या हाताने धरतो. योक टेबलाच्या कडेला पकडीने आवळावा लागतो. आपल्याकडील बहुतेक संगणक टेबलांना किबोर्डसाठी सरकता खण असतो आणि तेथे ही पकड बसत नाही. मागविण्यापूर्वी टेबल मोजलेले बरे. रडर पेडल गुळगुळीत फरशीवर पायाच्या दाबाने मागे सरकतात. त्याखाली रबरी चटई घालून मागील कड भिंतीला टेकविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

घरगुती साधनांची मूलभूत उणीव ट्रिममध्ये दिसते. लहान विमानात वेग वाढला की हवेच्या दाबाने दांडा जड होतो आणि ट्रिमचे चाक फिरवून तो भार नाहीसा करता येतो. दांडा आहे तेथेच राहतो, हात मोकळा होतो. स्प्रिंगची जॉयस्टिक मात्र सदैव मध्याकडेच ओढते. त्यामुळे ट्रिम करताना दांडा हळूहळू मध्यावर सोडत जावे लागते, जे खऱ्या विमानातील क्रियेच्या उलट आहे. हाताला प्रत्यक्ष बल जाणवून देणारी फोर्स फीडबॅक साधने ही उणीव बरीच भरून काढतात, परंतु त्यांची किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर असते.

एका पडद्यावर दृश्याचा अरुंद पट्टाच दिसतो. धावपट्टीला समांतर उडत असताना ती खिडकीतून बाजूला दिसावी लागते, तेव्हा ही अडचण विशेष जाणवते. डोक्याच्या हालचालीबरोबर दृश्य वळविणारी ट्रॅकआयआरसारखी साधने यासाठी वापरतात. ओपनट्रॅक ही विनामूल्य आज्ञावली साध्या वेबकॅमवरही हे काम करू शकते.

जुळणी

विंडोज व ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करून सिम्युलेटर बसविल्यावर काही दिवस तो आहे तसाच चालवावा. अतिरिक्त विमाने व विमानतळ त्यानंतर, एका वेळी एकच, घालावेत. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये हे भाग कम्युनिटी नावाच्या फोल्डरात जातात. सिम्युलेटर बिघडल्यास ते फोल्डर तात्पुरते रिकामे करून पाहिले की दोष मूळ आज्ञावलीत आहे की बाहेरून घातलेल्या भागात, हे लगेच कळते. एक्स-प्लेनमध्ये कस्टम सीनरी फोल्डरातील भाग एका यादीच्या क्रमाने वाचले जातात. वरच्या ओळीतील भाग खालच्याला झाकतो, म्हणून विमानतळ वर आणि भूप्रदेश खाली ठेवतात.

नवीन साधन जोडले की सिम्युलेटर त्याला आपणहून कामे वाटून देतो. जॉयस्टिक, थ्रॉटल व पेडल अशी तीन साधने असतील तर एकच काम दोघांकडे जाण्याचा संभव असतो आणि रडर विनाकारण फडफडतो. प्रत्येक साधनाच्या नेमणुका पुसून हव्या तेवढ्याच पुन्हा कराव्यात, मध्याभोवती अल्पसा निष्क्रिय पट्टा ठेवावा आणि ही मांडणी फाइलरूपात जपून ठेवावी. उड्डाणात मध्येच साधन प्रतिसाद देईनासे झाले तर विंडोजमधील यूएसबीची वीजबचत बंद करून पाहावी.

भूप्रदेशाच्या उंचीची माहिती अनेक सिम्युलेटरांत २००० सालच्या अवकाशयानातील रडार मोजणीवर आधारलेली असते. ९० मीटर अंतराने घेतलेल्या बिंदूंत सह्याद्रीचे उभे कडे मावत नाहीत. पुण्याहून मुंबईकडे येताना घाटमाथा उतरणीच्या टेकड्यांसारखा गोल दिसतो तो यामुळे. अधिक दाट बिंदूंची जाळी बसविल्यास कडे स्पष्ट होतात.

मार्गदर्शनासाठीची माहिती जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलते. ती अद्ययावत ठेवण्यासाठी सशुल्क सेवा आहेत, परंतु भारतीय विमानतळांचे अधिकृत नकाशे भारतीय विमानतळ प्राधिकरण आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देते आणि अभ्यासासाठी ते पुरेसे आहेत.

प्रशिक्षणातील उपयोग

भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. घरच्या संगणकावर घालविलेला एकही तास त्यात धरला जात नाही. केवळ नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या साधनांवरील तास, तेही मर्यादेत, धरले जातात. मुलाला वैमानिक करू पाहणाऱ्या पालकांनी लाखाचा संगणक घेण्यापूर्वी हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

उपकरणे वाचण्याचा क्रम, तपासणी याद्या, रेडिओ दिशादर्शन, विमानतळ व मार्ग यांची ओळख या गोष्टी घरी चांगल्या शिकता येतात. मुंबईत सांताक्रूझची धावपट्टी आणि तिच्या जवळचीच जुहूची आखूड धावपट्टी यांत वरून गोंधळ होऊ शकतो. १९७२ साली जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान चुकून जुहूवर उतरून धावपट्टीबाहेर गेले होते. या दोन धावपट्ट्यांमधील फरक वेगवेगळ्या दिशांनी आणि धुरकट हवेत पाहून ठेवणे सिम्युलेटरवर सहज शक्य आहे. शरीराला जाणवणारे त्वरण, वाऱ्याचे धक्के आणि जमिनीला टेकण्यापूर्वीचा उंचीचा अंदाज मात्र पडद्यावरून येत नाही. शिवाय, दीर्घकाळ घरी उडविणाऱ्यास नजर उपकरणांवरच खिळवून ठेवण्याची सवय जडते. प्रत्यक्ष शिक्षणाच्या प्रारंभी नजर खिडकीबाहेर असावी लागते आणि ही सवय मोडण्यात प्रशिक्षकाचा वेळ जातो. शिकाऊ विद्यार्थी उपकरणांची चौकट पडद्यावरून काढून, केवळ क्षितिज पाहून उडविण्याचा सराव करू शकतो. सर्व सिम्युलेटरांत तशी सोय आहे.

नियंत्रण कक्षाशी संभाषणाचा सराव व्हॅटसिम आणि इव्हाओ या स्वयंसेवी जाळ्यांवर करता येतो. तेथे नियंत्रकही हौशी माणसेच असतात आणि संभाषण इंग्रजीतील ठराविक परिभाषेत चालते. त्यासाठी मायक्रोफोनसह एक साधा हेडफोन पुरतो. दोन्ही जाळ्यांचे सदस्यत्व विनामूल्य आहे, परंतु प्रथम काही दिवस केवळ ऐकावे, असा तेथील जुन्या सदस्यांचा सल्ला असतो.