उल्हासनगर

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक शहर व सिंधी निर्वासितांची देशातील एक प्रमुख वसाहत. लोकसंख्या सु. ५,०६,००० (२०११). हे कल्याणलगत वालधुनी नदीच्या परिसरात वसले असून मध्य रेल्वेची उल्हासनगर, विठ्ठलवाडी व शहाड ही स्थानके त्यास सोयीची आहेत.

कल्याणचा परिसर प्राचीन काळापासून दूरदेशीच्या लोकांना परिचित होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात (इ. स. पहिले शतक) कल्याण बंदराचा उल्लेख आढळतो, शेजारच्या अंबरनाथ येथील शिलाहारकालीन शिवमंदिर १०६० मधील आहे. तथापि प्रस्तुत शहराची भूमी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आगरी, कोळी प्रभृती समाजांची लहान खेडी, भातखाचरे व माळराने यांनी व्यापलेली होती. दुसऱ्या महायुद्धकाळात सरकारने येथे लष्करी छावणी उभारली. युद्धसमाप्तीनंतर तिच्या बराकी रिकाम्या झाल्या.

फाळणीच्या वेळी (१९४७) पंजाब व बंगाल या प्रांतांचे विभाजन झाले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात स्वभाषेचा प्रांत उरला नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर स्थलांतराचा वेग वाढला आणि कराचीहून समुद्रमार्गे मुंबईस आलेल्या अनेक कुटुंबांना कल्याणच्या छावणीत आश्रय देण्यात आला. येथे सु. एक लाख निर्वासित राहू लागले. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात १९२३ च्या करारान्वये लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा बाल्कन प्रदेशातील पुष्कळ निर्वासितांना निघून गेलेल्यांची घरे मिळाली. येथे आलेल्यांच्या वाट्यास सैनिकांच्या बराकी आल्या. एकेका बराकीत अनेक कुटुंबे आडोसे करून राहत. छावणीचे पाच विभाग होते व ‘कॅम्प नंबर’ हीच त्यांची ओळख आजही रूढ आहे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसविण्यात आली व उल्हास नदीवरून त्यास ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. येथे १९६० मध्ये नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली.

निर्वासितांनी किरकोळ फेरीपासून प्रारंभ करून कापड, लाकडी सामान, मिठाई व विजेची उपकरणे यांचे व्यापार आणि लघुउद्योग उभारले. पुढे जीन्सच्या कपड्यांसाठी शहर प्रसिद्धीस आले. मात्र रंगकामाच्या सांडपाण्यामुळे वालधुनी नदी दूषित झाली. मूळच्या अपुऱ्या जागेत दाट बांधकामे झाल्याने ती नियमित करण्यासाठी राज्य शासनास २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शहाड येथील रेयॉन कारखाना व इतर उद्योग यांमुळे महाराष्ट्राच्या अन्य भागांतून तसेच उत्तर भारतातून कामगार आले. परिणामी शहर केवळ सिंधी राहिले नाही. मराठी व हिंदी या भाषाही येथे सर्वत्र ऐकू येतात.

१९६७ मध्ये सिंधीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. भारतात ती अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. चेटीचंड व झुलेलालची उपासना यांतून सामाजिक ऐक्य टिकून असले, तरी नव्या पिढीचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होत असल्याने घराबाहेर सिंधीचा वापर घटत आहे. जमीन गमावलेल्या समाजाने येथे गाव उभे केले. भाषा पुढील पिढीकडे सोपविणे हे त्याच्यापुढील अधिक अवघड कार्य होय.