पेटीच्या पट्ट्या आणि बावीस श्रुती

खेडोपाडीच्या भजनात, मग ते धामणगाव बढे असो की सांगली, पियानो सहसा दिसत नाही. दिसते ती पेटी. 1842 साली पॅरिसच्या दबाँ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हातभात्याची केली आणि वाद्य जमिनीवर बसणाऱ्या गायकाशेजारी आले.

पियानोची पट्टी खाली बसली तर तिच्या टेकूवर कागदाच्या चकत्या घालतात. पेटीची पट्टीही तरफच. पुढचे टोक दाबले की मागचे चामडे लावलेले टोक भोकावरून उचलले जाते आणि हवेने पितळी पत्ती कंप पावते. स्प्रिंग सैल पडली तर भोक नीट मिटत नाही व सूर आपोआप वाजत राहतो. यावर घरगुती इलाज चालतो: फूटपट्टी आडवी धरून पातळी पाहावी, टेकूपाशी पोस्टकार्डाचा तुकडा सरकवावा, स्प्रिंगची तार जरा वाकवावी.

सुराचे काम अवघड. पत्तीचे मोकळे टोक कानसेने किंचित खरवडले तर ते हलके होऊन सूर चढतो. बुडाशी खरवडले तर पत्ती लवचीक होऊन उतरतो. पण चढवायचा कुठवर? सा 240 हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार 300 येतो. सप्तकाचे 12 समान भाग केलेल्या पेटीत तो 302.4 असतो. 240 ची पाचपट 1200, 302.4 ची चौपट सुमारे 1209.5. ही कंपनेही मूळ सुरांसोबत वाजतात, म्हणून सेकंदाला नऊ-दहा विस्पंद ऐकू येतात. गवयांची तक्रार खरी होती.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांचे गाणे ऐकत तारेची लांबी मोजून श्रुती ठरवल्या. 1910 साली त्यांचे पुस्तक आले. सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुतींची पेटीही तयार झाली. 1916 च्या बडोदे परिषदेत ती दाखवली गेली, पण तिला मान्यता मिळाली नाही. आमच्या मते मोजमाप चुकले नव्हते; मात्र गळ्यातला गंधार रागागणिक सरकतो आणि मिंड तर कोणत्याच पट्टीवर मावत नाही.

1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. 1971 पासून ती सैल झाली. भजनी मंडळांनी बंदी मनावर घेतली नाही, आणि ते बरेच झाले.

अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी केलेल्या पेटीत सा आणि प वगळता प्रत्येक स्वराला दोन श्रुती आहेत. कोणती वाजवायची ते खुंटी ओढून ठरते.